बाटली सोडा, दिवस मोजा

वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरे

प्रश्न : ताई, नमस्कार. शिरोली भागात माझं झिंक प्लेटिंगचं छोटं युनिट आहे. अकरा कामगार. आजूबाजूच्या मशीनशॉपचे नट-बोल्ट, क्लॅम्प, ब्रॅकेट आमच्याकडं येतात. मागच्या वर्षी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पथकानं पाण्याचा नमुना नेला. मी त्या दिवशी सांगलीला होतो, सही सुपरवायझरनं केली. अहवालात झिंक लिटरला १४ मिलिग्रॅम आलं. मर्यादा ५ ची. माझं म्हणणं असं की बाटली माझ्या इटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेच्या) तोंडाला भरलीच नाही, गेटबाहेरच्या सामाईक गटारात भरली.

नोटीस आल्यावर मी चुन्याचा डोस वाढवला, सेटलिंगची टाकी उपसून घेतली, खासगी प्रयोगशाळेतून पाणी तपासलं. झिंक ३.१ आलं. तेविसाव्या दिवशी ‘येऊन पाहणी करा’ असं पत्र दिलं, त्याची पोच आहे. पाहणीला माणूस आला तो अडुसष्टाव्या दिवशी. मग दिवसाला १०,००० रुपये धरून ६८ दिवसांची ६,८०,००० रुपये पर्यावरण भरपाई भरा, असा आदेश आला. पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात अपील केलं. फेटाळलं. निकालाची प्रत हातात येऊन आज ४७ दिवस झाले.

एक वकीलमित्र म्हणतात, मंडळाला असे पैसे लावायचा अधिकारच नाही, सर्वोच्च न्यायालयात एका तारखेत उडेल. दुसरे म्हणतात, आता कोल्हापुरातच हायकोर्ट आलंय, इथंच रिट (राज्यघटनेखालची थेट याचिका) टाका. तिसरे म्हणतात, पुण्यालाच पुनर्विलोकन, म्हणजे त्याच निकालाचा फेरविचार, मागा. मी काय करू? आणि अपील टाकलं की पैसे भरावे लागत नाहीत, हे खरं का?
— एक लघुउद्योजक

उत्तर : दादा, तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी संपादकांकडून नंबर घेऊन मी तुम्हाला फोन केला, कारण अंक छापून तुमच्या हातात पडेपर्यंत तुमचे आणखी तीन आठवडे गेले असते. दुसऱ्या दिवशी तुम्ही फाइल घेऊन आलात, दोन तास बसलात. तेव्हा बोललो तेच तुमच्या परवानगीनं इथं मांडते आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या कुणाच्याही टेबलावर उद्या असा कागद येऊ शकतो.

आधी मुदत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा २०१० चा. त्याच्या कलम २२ प्रमाणे न्यायाधिकरणाच्या निकालावर सर्वोच्च न्यायालयात अपील करता येतं, निकाल कळवल्यापासून ९० दिवसांत. तुमचे ४७ गेले, ४३ उरले. उशिराला सबळ कारण असेल तर सर्वोच्च न्यायालय नंतरही अपील घेऊ शकतं. पण ‘तीन वकिलांचे तीन सल्ले ऐकत बसलो’ हे काही सबळ कारण होत नाही. पुनर्विलोकनाची मुदत मात्र प्रत मिळाल्यापासून ३० दिवसांची. ती संपली. मला याची फार हळहळ वाटली. तुमच्या निकालात जी चूक मला दिसते ती त्याच न्यायाधिकरणापुढं ठेवण्यासारखी होती, आणि पुणं म्हणजे एका दिवसात जाऊन-येऊन. पण गेलं ते गेलं.

आता बाटली. दोन तासांतला दीड तास तुम्ही बाटलीवर बोललात. ती कुठं भरली, कुणी भरली, सील कधी लावलं. तुमचा जीव त्या बाटलीत अडकलाय आणि ते मला समजतं. पण सर्वोच्च न्यायालयात ती बाटली कुणी उघडणार नाही. कलम २२ चं अपील चालतं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० च्या धर्तीवर, म्हणजे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. नमुना आउटलेटचा की गटाराचा, ही वस्तुस्थितीची गोष्ट झाली. तिच्यावर पुण्याला न्यायिक सदस्य आणि तज्ज्ञ सदस्य दोघांनी मिळून निष्कर्ष काढला आहे. तो तुमच्याविरुद्ध आहे. दिल्लीत तोच पुरावा नव्यानं तोलून मिळत नाही.

बाटलीबद्दल कायद्याचा मुद्दा होऊच शकत नाही, असं नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम २१ नमुन्याबद्दल फार काटेकोर आहे. नमुना घेताना तो तपासणीसाठी नेत असल्याची नोटीस कारखानदाराला तिथल्या तिथं द्यायची, त्यानं मागितलं तर त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही भांड्यांना सील लावून दोघांच्या सह्या घ्यायच्या, आणि त्याची मागणी असेल तर दुसरा भाग कायद्यानं नेमलेल्या प्रयोगशाळेला पाठवायचा. ही पद्धत पाळली नाही तर त्या नमुन्याचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, असं कलमातच लिहिलं आहे. १९८६ साली दिल्ली उच्च न्यायालयानं एका बाटलीबंद शीतपेयाच्या कारखान्याच्या प्रकरणात हेच धरून निकाल दिला होता. पण तुमच्या फाइलमध्ये ती नोटीस आहे, खाली तुमच्या सुपरवायझरची सही आहे, तारीख-वेळ आहे, आणि दुसरा भाग मागितल्याचं कुठंही नाही. सुपरवायझर तुमचाच माणूस, त्यामुळं कायद्याच्या नजरेत तुम्हीच हजर होता. त्या पोराला दोष देऊ नका. दुसरा भाग मागायचा असतो हे त्याला तुम्हीही सांगितलं नव्हतं, आणि तुम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं. हे वाचणाऱ्या प्रत्येक कारखानदाराला माझी कळकळीची विनंती आहे : आज संध्याकाळी आपल्या सुपरवायझरला आणि वॉचमनला बोलावून एवढी एक गोष्ट समजावून सांगा.

‘मंडळाला अधिकारच नाही’ हा मुद्दाही आता सोडा. काही वर्षांपूर्वी त्यात दम होता, दिल्ली उच्च न्यायालयानं तसं धरलंही होतं. पण ४ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. जल कायद्याचं कलम ३३-अ आणि हवा कायद्याचं कलम ३१-अ यांखाली प्रदूषण मंडळं भरपाईच्या स्वरूपात रक्कम लावू शकतात, असं स्पष्ट सांगितलं. मात्र त्याच निकालात असंही आहे की हा अधिकार कसा वापरायचा याची तत्त्वं आणि कार्यपद्धती नियमांत हवी आणि त्यात नैसर्गिक न्याय, म्हणजे समोरच्याचं म्हणणं ऐकून मगच ठरवणं, पाळला गेला पाहिजे. तुमचे मित्र निकालाचा पहिला भाग विसरले आहेत. दुसरा भाग मात्र आपल्या कामाचा आहे. त्याकडं येते.

तुमची रक्कम आली कुठून ते आधी बघू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं एक सूत्र आहे. प्रदूषण निर्देशांक, उल्लंघनाचे दिवस, रुपयांचा घटक, उद्योगाचा आकार आणि ठिकाण, या पाचांचा गुणाकार. इलेक्ट्रोप्लेटिंग लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणाच्या, वर्गात, म्हणून निर्देशांक ८०. रुपयांचा घटक २५०. लघुउद्योग म्हणून अर्धा. वस्ती १० लाखांच्या आत म्हणून ठिकाणाचा घटक १. ऐंशी गुणिले अडीचशे, त्याचे निम्मे : दिवसाला १०,०००. तुमच्या आदेशात हा हिशेब बरोबर आहे, त्यात खोट काढू नका. या पाच आकड्यांपैकी चारांवर तुमच्या बाबतीत भांडण्यासारखं काही नाही. वाद होऊ शकतो तो एकाच आकड्यावर, दिवसांवर.

आणि तिथं, दादा, तुमच्या फाइलचं पान १४३ आहे. तुम्ही ते उलटून पुढं गेलात, मी थांबले. ‘दुरुस्ती पूर्ण केली आहे, कृपया पाहणी करून नमुना घ्यावा’ एवढंच दोन ओळींचं पत्र, सोबत प्रयोगशाळेचा ३.१ चा अहवाल. वर उजव्या कोपऱ्यात जांभळा आवक शिक्का, थोडा पुसट, पण तारीख वाचता येते आणि आवक क्रमांक पेनानं घातलेला आहे. नमुन्यापासून तेविसावा दिवस. पाहणी झाली अडुसष्टाव्या दिवशी आणि पाणी मर्यादेत आलं. मधले ४५ दिवस, म्हणजे ४,५०,००० रुपये, तुम्ही कशाचे भरायचे? सूत्रात उल्लंघनाचे दिवस मोजायचे ते उल्लंघन दिसल्यापासून पूर्ततेची पडताळणी होईपर्यंत. पण पडताळणी करणं तुमच्या हातात नव्हतं. तुम्ही बोलावलं होतं.

आता न्यायाधिकरणाचा निकाल परत वाचा. मी तो तीनदा वाचला. बाटलीवर सहा परिच्छेद आहेत. पान १४३ बद्दल एक शब्द नाही. तुमच्या वकिलांनी ते जोडलं होतं, अपिलाच्या मजकुरात एका ओळीत उल्लेखही आहे, पण सुनावणीत सगळा भर बाटलीवर गेला असावा. नोंदीत असलेला महत्त्वाचा पुरावा विचारातच न घेता निष्कर्ष काढला, तर तो कायद्याचा प्रश्न होतो. कलम १०० खाली हे न्यायालयांनी अनेकदा मान्य केलेलं आहे. आणि त्याहून स्वच्छ प्रश्न हा : पूर्तता कळवल्यानंतर पडताळणीला जो उशीर झाला, त्याचा भार कारखानदारावर टाकता येतो का? तो टाकण्याआधी त्याला विचारायला हवं की नको? नैसर्गिक न्यायाचा भाग इथं लागू पडतो. असे दोनच प्रश्न घेऊन दिल्लीला जा. बावीस मुद्द्यांचं अपील लिहून देणारे भेटतील. त्यांना नम्रपणे नको म्हणा.

कोल्हापूरच्या हायकोर्टाचं सांगते. १८ ऑगस्ट २०२५ ला इथं मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं तेव्हा भाऊसिंगजी रोडवर आम्ही वकील अक्षरशः रडलो. माझी अर्धी वकिली महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या बर्थवर उशाखाली फाइल घेऊन झाली आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, या सहा जिल्ह्यांच्या माणसाला आता मुंबई गाठावी लागत नाही. आणि रिट होऊ शकते का, तर होऊ शकते. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की हरित न्यायाधिकरणाच्या कायद्यामुळं उच्च न्यायालयाचे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ आणि २२७ खालचे अधिकार जात नाहीत. पण अधिकार असणं आणि तो तुमच्यासाठी वापरणं यात अंतर असतं. पहिला प्रश्न येईल : कायद्यानं अपील दिलेलं असताना इथं का आलात? सुनावणीच दिली नाही, अधिकारक्षेत्रच नव्हतं, असं काही असतं तर मी स्वतः तुम्हाला इथंच रिट टाकायला सांगितलं असतं. तुम्हाला सुनावणी मिळाली आहे. इथं दोन महिने घालवून ‘कलम २२ कडं जा’ असं ऐकून आलात तर तोवर ९० दिवस उलटलेले असतील.

चुकीच्या दारात गेल्यानं काय होतं याचं मोठं उदाहरण तुतिकोरिनच्या स्टरलाइट प्रकरणात आहे. तिथं कंपनीच्या बाजूनं न्यायाधिकरणानं डिसेंबर २०१८ मध्ये निकाल दिला होता. १८ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. न्यायाधिकरणाला ते प्रकरण ऐकण्याचा अधिकारच नव्हता, मद्रास उच्च न्यायालयात जा, असं सांगितलं. एवढ्या मोठ्या कंपनीला, एवढ्या मोठ्या वकिलांसह, दार चुकल्यावर मागं फिरावं लागलं.

पैशांचं. अपील दाखल झालं की वसुली आपोआप थांबत नाही. स्थगितीचा वेगळा अर्ज करावा लागतो आणि न्यायालय काही रक्कम भरायला सांगू शकतं. माझा सल्ला तुम्हाला फोनवर आवडला नव्हता, तरी परत देते : २३ दिवसांचे २,३०,००० रुपये आधीच भरून टाका. हक्क राखून भरतो, असं पत्र देऊन भरा. त्या २३ दिवसांत पाणी बिघडलेलं होतं. तुम्ही स्वतः डोस वाढवला, टाकी उपसली, म्हणजे ते तुम्हालाही ठाऊक होतं. जो माणूस आपल्या वाट्याचं भरून उरलेल्या ४५ दिवसांपुरतं भांडतो, त्याचं म्हणणं न्यायालयात वेगळ्या कानानं ऐकलं जातं. हे मी आजवर पुष्कळदा पाहिलं आहे.

आणि एक गोष्ट, जी तुम्हाला टोचेल. तुमचं इटीपीचं लॉगबुक. सलग चाळीस दिवस सामू (पाण्याचा पीएच) ७.२, चुन्याच्या पोत्यांचा रकाना सारखाच, सगळं एकाच निळ्या शाईत, एकाच हातानं, एकाच बैठकीत लिहिलेलं. पुण्याला समोरच्या बाजूनं ते दाखवलं आणि निकालात त्याचा उल्लेख आला. खरं प्लेटिंग चालू असेल तर सामू एका जागी बसत नाही. पिकलिंगची, म्हणजे आम्लाची, टाकी बदलली त्या दिवशी तो खाली यायलाच हवा. ते लॉगबुक नोंदीत आहे, लपवता येणार नाही, पण अपिलात त्यावर भिस्त ठेवू नका. आणि आजपासून खरं लिहा. ६.१ आला तर ६.१ लिहा, खाली काय केलं ते लिहा. माझ्या वडिलांचं उद्यमनगरात लेथ होतं, छोट्या कारखानदाराची रात्रीची झोप कशी उडते ते मी घरात पाहिलं आहे. त्याच वडिलांनी मला रविवारी पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकवलं. आज माझ्या भाच्याला त्या पाण्यात उतरवायला माझं मन होत नाही. तुमचे ४५ दिवस मी मनापासून लढण्यासारखे मानते आणि ते २३ दिवस मनापासून भरण्यासारखे मानते.

करायची कामं थोडी आहेत. न्यायाधिकरणाच्या निकालाची प्रमाणित प्रत. पान १४३, प्रयोगशाळेचा अहवाल, पाहणीचा अहवाल, या मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर. दिल्लीत मराठी कागद तसाच चालत नाही आणि भाषांतराला वाटतो त्यापेक्षा वेळ जातो. अपील दाखल करायला सर्वोच्च न्यायालयातला अ‍ॅडव्होकेट-ऑन-रेकॉर्डच लागतो, म्हणजे तिथं प्रकरण दाखल करायचा अधिकार असलेला नोंदणीकृत वकील; इथल्या वकिलाला ते थेट करता येत नाही. त्याची फी आधी लेखी विचारा आणि ४,५०,००० शी ताडून बघा. खर्च त्याच्या जवळपास जात असेल तर मला परत फोन करा, मग आपण वेगळा विचार करू.

प्रश्न : शिरोळ तालुक्यातलं आमचं गाव. उन्हाळ्यात पंचगंगेचं पाणी काळं पडतं, बंधाऱ्याला मासे मरून लागतात. वरच्या अंगाच्या एका कारखान्याला बंदचा आदेश झाला होता, तो गेल्या महिन्यात मागं घेतला. तक्रार आमची, पण आम्हाला कुणी विचारलं नाही. आम्हाला अपील करता येतं का? पैसेही फार नाहीत.
— एक शेतकरी भगिनी

उत्तर : येतं, ताई. हरित न्यायाधिकरणात जायला तुम्ही मूळ प्रकरणात पक्षकार असायलाच हवं असं नाही. त्या आदेशानं ज्याला बाधा पोचते असा कुणीही, किंवा त्यांची संघटना, जाऊ शकते. आदेशाविरुद्ध अपिलाची मुदत ३० दिवस, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. त्यापुढं एक दिवसही नाही. तुम्हाला आदेशाची प्रतच मिळालेली नाही, म्हणजे तो तुम्हाला कधी कळला यावर वाद होणार. म्हणून आदेशाच्या प्रतीसाठी आजच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सोबत माहिती अधिकाराचाही अर्ज टाका. त्याला १० रुपये लागतात.

अपिलाची मुदत हुकली तरी दार बंद होत नाही. पर्यावरणाच्या मोठ्या प्रश्नावर सहा महिन्यांत स्वतंत्र अर्ज करता येतो आणि पिकाच्या, मालमत्तेच्या नुकसानीच्या भरपाईसाठी पाच वर्षांपर्यंत. भरपाई मागायची नसेल तर न्यायाधिकरणाची फी १,००० रुपये. भरपाई मागितली तर रकमेच्या एक टक्का. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला ती फी माफ आहे. गावानं मिळून वर्गणी काढली तरी भागेल.

वरच्या दादांना मी बाटली सोडा म्हटलं. तुम्ही मात्र बाटली धरा, कारण तुमचं प्रकरण अजून वस्तुस्थितीच्या पायरीवर आहे. तुम्ही घरच्या बाटलीत भरलेलं पाणी पुरावा म्हणून कच्चं ठरेल, त्यामुळं मासे दिसले की त्याच तासाला मंडळाच्या कार्यालयाला फोन आणि लेखी कळवा आणि नमुना त्यांच्याच माणसाकडून, तुमच्यासमोर घ्यायला लावा. ग्रामपंचायतीचा ठराव घ्या. तलाठ्याला बोलावून पंचनामा करा. त्यात ‘नदीत मासे मेले’ एवढंच लिहू देऊ नका. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला की खालच्या, किती वाजता, पाण्याचा रंग-वास कसा, केंदाळ होतं का, बर्गे (बंधाऱ्याच्या फळ्या) घातलेले होते की काढलेले, हे सगळं त्यात आलं पाहिजे. समोरची बाजू पहिलं हेच म्हणणार आहे की पाणी तुंबून ऑक्सिजन कमी झाला म्हणून मासे मेले.